जड हवा

शनिवारी खसखशीच्या केकसाठी यीस्ट काढायला गेले
तर फ्रीजमध्ये पुडीचा नुसता फाटका कोपरा,
आणि साखरेच्या डब्यात चमचा ठण्णकन वाजला.
"गिंटर!"
आतल्या खोलीतून उत्तर नाही.
नुसतं बुड्क.
मग बऱ्याच वेळानं, बुड्क.

सरबताची दोन लिटरची बाटली,
दोन वाट्या साखर, कोमट पाणी,
आणि माझं यीस्ट, म्हणे चिमूटभरच.
खिळा गॅसवर लाल करून झाकणाला भोक पाडलं,
नळी ओवली, कडेनं सिलिकॉन लावलं
जीभ दातात धरून, शाळेतल्या पोरासारखं.
मध्ये खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली, अर्धी पाण्याची.
"इथे बुडबुडे मोजायचे, त्रुदा. दोन सेकंदांना एक. जास्त नको."
एकतीस वर्षं खाणीत उतरलेला माणूस
आता गवताला वारा पाजतोय.

आमच्या बितोममध्ये जमीन सरळ नाही.
खालून इतका कोळसा उपसलाय
की हातातून सुटलेला वाटाणा आपणहून दाराशी जातो.
टाकीतलं पाणी एका काठाला चढू नये म्हणून
यानं स्टँडच्या डाव्या पायाखाली
बिअरच्या ग्लासाखालचे चार पुठ्ठे सारलेत,
आणि दर ईस्टरला बघतो, पाचवा लागतो का.

हा वायू मी सोड्यातून प्यायलेय, तेवढीच ओळख.
त्याची जुनी.
"जड असतो," म्हणतो, "उतार बघून चालतो,
खोलगट जागा धरून बसतो. वास नाही, रंग नाही.
दिवा खाली नेला की ज्योत आधी मान टाकते."
एर्विनच्या हातून पाना निसटला होता,
बंद केलेल्या जुन्या बोगद्याच्या तोंडाशी.
तो उचलायला वाकला.
गिंटर इथवरच सांगतो.
पुढचं मी एर्विनच्या बायकोकडून ऐकलं,
तिच्या ओट्यापाशी, बटाटे सोलता सोलता.

जानेवारीत कडाका पडला.
बाटली रेडिएटरला टेकलेली, उबेनं यीस्टला चेव आला.
रात्री अडीचला जाग आली तर हा पायजम्यात,
बाही खांद्यापर्यंत गुंडाळलेली,
टाकीत हात घालून ढवळतोय, ढवळतोय.
उपसलेली नळी गालिच्यावर फुसफुसत पडलेली.
मासे सगळे वर, तोंडं पाण्याच्या सालीला लावून,
आणि काचेवरच्या चिमुकल्या कुपीतलं हिरवं पाणी
लिंबासारखं पिवळं.
"खिडकी उघड."
बाहेर उणे चौदा. "अरे, तुझी छाती..."
"उघड म्हणतो ना!"
उघडली.
पहाटेपर्यंत तो हात बदलत राहिला.
मी कोट घालून दोनदा चहा केला.
नऊ निऑनपैकी आठ हळूहळू खाली गेले, रोपांमध्ये शिरले.
नववा त्यानं काडेपेटीत ठेवला.
माशाला काडेपेटी!
मी काही बोलले नाही. काड्या बशीत ओतून दिल्या.

आता बाटली दाराजवळ, थंडाव्यात असते.
झोपताना तो नळीला कपड्यांचा चिमटा लावत नाही
("बाटली फुटेल, बाई!")
नुसती टोक बाहेर काढून ठेवतो, बादलीत,
आणि खोलीचं दार बोटभर उघडं.

दुपारी चारला आमच्याकडे दिवस संपतो.
तेव्हा टाकी उजळलेली असते,
आणि तांबूस पानांच्या कडांना
टाचणीच्या डोक्याएवढे चकचकीत मणी.
एकेक सुटतो, सरळ वर जातो.
"ही ती नव्हे," तो म्हणतो, "ही दुसरी. ही आपली."
तीन जिने चढून आल्यावर दोनदा थांबलेला असतो,
तरी बूट न काढता आधी तिथे जाऊन बसतो,
नाक काचेला लावून.

दोन-तीन आठवड्यांत बाटली दमते.
मग तो ती माझ्या मोरीत ओततो,
बिघडलेल्या वाइनचा वास घरभर.
काल बाजाराची यादी केली:
बटाटे, खसखस, साखर तीन किलो,
यीस्ट दोन पुड्या.
खाली त्यानं पेन्सिलीनं लिहिलं:
एक तुझी. एक गवताची. गवताची आधी घे.